जुना रेडिओ आणि त्याचे कोरे सुटे भाग

मराठीत ‘कोरा’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कोरी वही, कोरे कापड, कोरा माठ. जे अद्याप वापरात आले नाही ते कोरे. जे कोरे ते नवेच असणार, असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु पेटीत साठ वर्षे पडून राहिलेली वही कोरी असली तरी तिची पाने पिवळी पडतात आणि कडा हात लावताच मोडतात. जुने रेडिओ दुरुस्त करताना हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर दुरुस्तीसाठी घेतलेला संच जळून जाण्याचा संभव असतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करू.

१९५० ते १९७० च्या काळातील व्हॉल्व्हचे रेडिओ आपल्याकडे काही घरांत अजूनही विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेले आढळतात. आजोबांच्या कमाईतून आलेला तो संच पुन्हा एकदा बोलावा, अशी घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा असते. त्याचे बरेचसे भाग आता कोणी तयार करीत नाही. बंगळूर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह काढले; ते उत्पादनही केव्हाच थांबले. तेव्हा कारागीर जुन्या दुकानांच्या माळ्यांवरून त्या काळचा न वापरलेला माल शोधून आणतात. व्यापारात त्यास ‘न्यू ओल्ड स्टॉक’ असे नाव आहे. नवा-जुना साठा! भाषेच्या शिक्षकास या नावाची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

या मालात सर्वांत भाग्यवान तो व्हॉल्व्ह. त्याच्या काचेच्या नळीतील हवा काढून टाकून ती कायमची बंद केलेली असते. बाहेरचा दमटपणा आत शिरूच शकत नाही. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांचा कोरा व्हॉल्व्ह पुष्कळदा उत्तम चालतो. ईएल ८४ या नावाचा एक व्हॉल्व्ह घ्या. त्यातील ‘ई’ म्हणजे तापतंतूस ६.३ व्होल्टचा दाब, ‘एल’ म्हणजे कर्ण्यास बळ पुरविणारा व्हॉल्व्ह, आणि ८ हा आकडा नऊ खुंट्यांची बैठक दाखवितो. काचेच्या आतल्या बाजूस आरशासारखा चकाकणारा डाग दिसतो. तो बेरियम धातूचा असतो. आत उरलेला वायू शोषून घेणे हे त्याचे काम. हा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली असे खुशाल समजावे. मग खोका कितीही कोरा असो, तो व्हॉल्व्ह निकामी होय.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची गोष्ट अगदी उलट. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे असून त्यांमध्ये रासायनिक द्रवाने भिजविलेला कागद असतो. धन बाजूच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो, तोच विद्युत्प्रवाह अडवितो. विद्युत्दाब मिळत राहिला तर हा थर टिकतो. वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तर तो विरत जातो. म्हणजे न वापरणे हेच येथे बिघाडाचे कारण ठरते! असा कंडेन्सर एकदम २५० व्होल्टला जोडला तर तो तापतो, आत वायू साठतो आणि कधी कधी फुटतोही. जाणता कारागीर मोठ्या रोधकातून प्रथम थोडा दाब देतो, तो काही तासांत हळूहळू वाढवीत नेतो आणि गळणारा प्रवाह कमी होतो की नाही ते पाहतो. न झाल्यास तो भाग टाकून देतो. आतला द्रव वाळून गेला असेल तर या उपायाचा काही उपयोग नाही. विद्यार्थिमित्रांनी हा प्रयोग एकट्याने मुळीच करू नये. वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये जिवास अपाय करण्याइतका दाब राहू शकतो.

सर्वांत फसवा मात्र मेणाचा लेप दिलेला कागदी कंडेन्सर. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पापड सादळतात, बरणीतील मिठाला पाणी सुटते. तेथे कागद कोरडा कसा राहील? सादळलेल्या कागदातून वीज झिरपते. असा कंडेन्सर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बसविला तर काय होते, हे ओहमच्या नियमानेच पाहू. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर १०० व्होल्ट आहेत, झिरपणाऱ्या कंडेन्सरचा रोध १ कोटी ओहम आहे, आणि पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून जमिनीपर्यंतचा रोध ४,७०,००० ओहम आहे असे माना. ग्रिडवर सुमारे ४.५ धन व्होल्ट येतात. ईएल ८४ ची ग्रिड तर कॅथोडच्या मानाने सुमारे ७ व्होल्ट ऋण हवी! त्या ऋणतेचा मोठा भाग नाहीसा झाल्याने व्हॉल्व्ह अवाजवी प्रवाह ओढतो, लालभडक होतो, आणि आपल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही नेतो. स्वस्तातल्या एका कोऱ्या भागापायी महागाचे दोन भाग गेले. साध्या मीटरने हा दोष बहुधा दिसत नाही, कारण त्याचा तपासणीचा दाब थोड्या व्होल्टांचाच असतो. कंडेन्सर प्रत्यक्ष कामाच्या दाबावर तपासावा लागतो. माझ्या मते तर कागदी कंडेन्सर, कोरा असला तरी, वापरूच नये. त्याजागी आजचा पॉलिएस्टरचा घालावा.

अभ्रकाचे व चिनी मातीचे कंडेन्सर सहसा टिकतात. कार्बनच्या रोधकांचा रोध मात्र दमट हवेने वाढत जातो. अंगावरील रंगीत पट्ट्यांवर विश्वास न ठेवता तो मोजून घ्यावा.

संचाचे जुने रूप बिघडू नये म्हणून काही कारागीर कागदी कंडेन्सरची नळी आतून पोकळ करून तीत नवा पॉलिएस्टरचा कंडेन्सर बसवितात आणि तोंडे पुन्हा मेणाने बंद करतात. यात लबाडी आहे, असे कोणी म्हणेल. मला ती वाटत नाही. मात्र पेटीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने बदलाची तारीख आणि भागाचे मूल्य लिहून ठेवावे, म्हणजे पुढे तो संच उघडणाऱ्यास नळीच्या आत काय आहे ते कळेल.