विमानाची परीक्षा

आकाशातून विमान जाऊ लागले की आपली मान आपोआप वर होते. परंतु ते विमान उडण्यास योग्य आहे हे कोणी व कशावरून ठरविले, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. त्याचाच थोडा विचार आम्ही येथे करणार आहो.

१९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारान्वये, देशाची सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक नागरी विमानाजवळ उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते. विमानाची नोंदणी ज्या देशात झालेली असेल, तो देश ते देतो. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. या प्रमाणपत्राआधी आणखी एक पायरी असते. नव्या जातीचे विमान तयार झाले म्हणजे प्रथम त्याच्या आराखड्याची परीक्षा होते. पंख किती भार सोसतील, एक इंजिन बंद पडल्यास विमान सुखरूप राहील काय, हे गणिताने व प्रत्यक्ष चाचण्यांनी सिद्ध करावे लागते. नमुना उत्तीर्ण झाल्यावर त्याबरहुकूम बांधलेल्या एकेका विमानाची तपासणी होऊन त्यास स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते.

एवढी कसोटी झाल्यावर धोका कसला, असे कोणासही वाटेल. परंतु ब्रिटनच्या कॉमेट विमानाचा इतिहास वेगळेच सांगतो. प्रवासी वाहतुकीस लागलेले हे जगातील पहिले जेट विमान. जानेवारी १९५२ मध्ये त्यास प्रमाणपत्र मिळाले व २ मे रोजी ते प्रवासी घेऊन लंडनहून जोहान्सबर्गकडे निघाले. पुढे १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळून ३५ माणसे मृत्यू पावली. निश्चित कारण सापडले नाही. काही दुरुस्त्या करून उड्डाणे पुन्हा सुरू झाली. तोच ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ दुसरे कॉमेट पडले व २१ जण गेले. तेव्हा मात्र प्रमाणपत्र काढून घेण्यात आले.

फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी मग एक आख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले. उंचावर हवा विरळ असते, म्हणून प्रवाशांसाठी विमानात हवेचा दाब वाढवावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग फुग्यासारखे ताणले जाते व उतरताना सैल पडते. टाकीत हाच दाब पाण्याने पुनःपुन्हा देण्यात आला. आधीची उड्डाणे धरून सुमारे ३,०६० आवर्तने होताच एका खिडकीच्या कोपऱ्याजवळ पत्रा फाटला. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची उड्डाणे १,२९०च झाली होती.

तार एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच वारंवार वाकविली की तुटते. धातूच्या या थकव्याची कल्पना कारखानदारांस नव्हती असे नाही. त्यांनी विमानाच्या सांगाड्याचा एक भाग सोळा हजारांहून अधिक वेळा दाब देऊन तपासला होता. परंतु त्याच भागावर आधी दुप्पट दाबाची चाचणी घेतलेली होती. त्या जास्त ताणाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला जाऊन उलट अधिक टिकाऊ झाला होता. परीक्षेस बसलेला नमुना आणि प्रवासी नेणारे विमान ही एकसारखी राहिली नव्हती. परीक्षा कडक होती. पण ती भलत्याचीच झाली.

या अनुभवानंतर नियम बदलले. एका ठिकाणी तडा गेला तरी शेजारच्या भागांनी भार पेलावा, अशी रचना होऊ लागली. थकव्याच्या चाचणीसाठी वेगळा सांगाडा राखण्याची आवश्यकता पटली. विमान किती तास उडाले याबरोबरच किती वेळा उडाले हेही मोजले जाते. एखाद्या जातीत दोष आढळल्यास त्या जातीच्या सर्व विमानांसाठी दुरुस्तीचा सक्तीचा आदेश निघतो, आणि दुरुस्तीनंतर अधिकृत अभियंत्याची सही झाल्यावाचून विमान उडू शकत नाही. अधिक जाड पत्र्याचे सुधारलेले कॉमेट १९५८ साली अटलांटिक ओलांडून प्रवासी नेऊ लागले.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे परीक्षा संपली असे नव्हे. ते विमान उडते आहे तोवर ती चालूच असते. नियमांच्या पुस्तकातील कित्येक रुक्ष ओळींमागे अशी गेलेली माणसे आहेत. म्हणून ते पुस्तक आदराने वाचावे, आणि त्यातील परीक्षा योग्य गोष्टीची होते आहे ना, हेही निर्भयपणे विचारावे, असे आम्हांस वाटते.