विधी प्रवेश परीक्षा : तर्काची तयारी

महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांत प्रवेश घेण्यासाठी २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिच्यातील तर्कक्षमतेचे प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना अवघड वाटतात. वास्तविक, या प्रश्नांना पाठांतर लागत नाही. दिलेल्या विधानाशी प्रामाणिक राहण्याची सवय लागते.

विधान आणि निष्कर्ष

‘सर्व जलद गाड्या अंधेरीला थांबतात’ असे विधान दिले आहे, असे समजू. अंधेरीला थांबलेली गाडी जलदच असेल, असा निष्कर्ष यातून निघत नाही. केवळ जलद गाड्याच थांबतात, असे विधानात म्हटलेले नाही. मात्र न थांबलेली गाडी जलद नाही, हा निष्कर्ष निश्चित निघतो. अंधेरीला न थांबता धडधडत जाणारी गाडी रोज पाहणारा उपनगरातील विद्यार्थी नेमका येथेच चुकतो. त्याने स्वतःचा अनुभव बाजूला ठेवावा.

गृहीतक

घाटकोपरच्या एखाद्या चाळीत ‘पाणी उकळून प्यावे’ अशी सूचना लागली. उकळल्याने पाणी पिण्यास अधिक सुरक्षित होते, हे तिच्यामागील गृहीतक होय. ते नाकारून पाहावे; सूचना निरर्थक ठरली, तर गृहीतक बरोबर. जलवाहिनी फुटली आहे, हे मात्र गृहीतक नव्हे, तर्क आहे.

क्रम

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील चार विद्यार्थी रांगेत आहेत. मुलुंडचा सर्वांत पुढे आहे, बोरिवलीचा अंधेरीच्या लगेच मागे आहे आणि घाटकोपरचा शेवटी नाही. अशा वेळी कागदावर चार चौकटी आखून निश्चित माहिती आधी भरावी. घाटकोपरचा दुसरा आणि बोरिवलीचा शेवटचा, हे आपोआप उलगडते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. म्हणून अडलेल्या प्रश्नावर रेंगाळू नये, तसेच शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

शिक्षकांचा वाटा

अंधेरी, बोरिवली वा मुलुंडच्या न्यायालयात ऐकीव गोष्टींवर नव्हे, तर समोर आलेल्या पुराव्यावर निर्णय होतो. या प्रश्नांतून तीच वृत्ती पारखली जाते. महागड्या शिकवणीवाचून ती वर्गातही रुजू शकते. प्रत्येक उत्तरानंतर शिक्षकांनी ‘हे कशावरून?’ एवढे विचारले, तरी सामान्य घरातील विद्यार्थ्याची निम्मी तयारी शाळेतच होईल.