गाडी खाली घेतली की मागची चाकं का फाकतात? (घटक : कोन व वर्तुळ)



कोन हा घटक आपण प्राथमिकच्या वर्गात शिकवतो. मुलं कोनमापक लावतात, ६० अंशांचा कोन बरोबर काढतात. पण "हा कोन घराबाहेर कुठे भेटतो?" असं विचारलं की घड्याळाचे काटे आणि कात्री यांच्यापुढे आपली गाडी जात नाही. म्हणून आज खऱ्या गाडीचाच कोन घेऊया, मागच्या चाकाचा.

हा विषय पालकांच्याही कामाचा आहे. घरातल्या मोठ्या मुलाला गाडी 'लो' करून हवी असते. दुसरीकडे पाच माणसांच्या गाडीत आठ-नऊ जणं बसून लग्नाला जातात. दोन्ही वेळा गाडीची बॉडी खाली येते आणि काही गाड्यांमध्ये मागच्या चाकांचा कोन बदलतो. त्याची झीज टायरच्या आतल्या कडेवर होते आणि नेमकी तीच कड आपण कधी पाहत नाही.

कॅम्बर म्हणजे काय?

गाडीच्या मागे थोडं लांब उभे राहून चाकाकडे पाहा. चाक जमिनीवर अगदी ताठ उभं असेल तर कॅम्बर शून्य. चाकाचा वरचा भाग गाडीच्या आत कलला असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर कलला असेल तर पॉझिटिव्ह कॅम्बर. संख्यारेषेवरच्या ऋण-धन संख्यांसारखंच हे आहे. मागची दोन्ही चाकं निगेटिव्ह असली की घराच्या उतरत्या छपरासारखी दिसतात, वर जवळ आणि खाली फाकलेली.

थोडा निगेटिव्ह कॅम्बर कंपनीच अनेक गाड्यांना देते, साधारण अर्धा ते दीड अंश. वळणावर बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. तेव्हा ते चाक रस्त्यावर सपाट टेकावं म्हणून ही सोय असते. म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर हा मुळात दोष नाही. किती, हा प्रश्न आहे.

चाक सरळ वर जात नाही

मुलांना वाटतं, स्प्रिंग दबली की चाक लिफ्टसारखं सरळ वर जातं. प्रत्यक्षात चाक एका दांड्याच्या टोकाला असतं आणि दांड्याचं दुसरं टोक बॉडीला बिजागरीसारखं जोडलेलं असतं. या दांड्याला 'आर्म' म्हणतात. एक टोक धरून ठेवलं की दुसरं टोक वर्तुळाच्या कंसावरूनच फिरणार. दांडा म्हणजे त्रिज्या आणि बिजागरी म्हणजे केंद्र. दाराची कड जशी फिरते तसंच.

आणि दांडा जेवढ्या अंशांनी फिरेल, तेवढंच त्याला पक्कं बसवलेलं चाकही फिरेल. आता ते कोणत्या दिशेने कलेल, की कलणारच नाही, हे बिजागरी कशी बसवली आहे त्यावर ठरतं. आजच्या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

वर्गात करायची कृती

साहित्य : छोटा खोका (ही गाडीची बॉडी), जाड पुठ्ठ्याच्या १२ सेंमीच्या पट्ट्या, ६ सेंमी व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या, चिकटपट्टी, कोनमापक, काही वह्या.

१) खोका साधारण २ सेंमी उंचीच्या वह्यांवर ठेवा. पट्टीच्या एका टोकाला चकती काटकोनात चिकटवा. दुसरं टोक खोक्याच्या उजव्या बाजूला चिकटपट्टीने असं जोडा की पट्टी आडवी, सपाट राहील. चकती जमिनीवर ताठ उभी असेल. आता १ सेंमी जाडीच्या वह्या काढून घ्या. खोका खाली येतो, पट्टी तिरपी होते आणि चकतीचा वरचा भाग खोक्याकडे कलतो. कोनमापकाने मोजा, साधारण ५ अंश येतात.

२) दुसरी पट्टी खोक्याच्या मागच्या बाजूला जोडा, म्हणजे पट्टी मागे निघेल. चकती पट्टीच्या कडेला उभी, गाडीच्या लांबीला समांतर लावा. खोका खाली घ्या. चकती ताठच राहते.

३) खोक्याचा मागचा कोपरा तिरका कापून तिसरी पट्टी तिथे जोडा. चकती इथेही गाडीच्या लांबीला समांतर लावा. खोका खाली घेतला की चकती थोडी कलते आणि थोडी वळतेसुद्धा.

तीनही वेळा खोका सारखाच खाली आला, पण उत्तरं तीन वेगवेगळी आली. मुलांनी "असं का?" विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. त्यांना बिजागरीची रेघ खडूने काढायला सांगा. पहिल्यात ती गाडीच्या लांबीला समांतर, दुसऱ्यात रुंदीला समांतर, तिसऱ्यात तिरकी. बहुतेक मुलं पुढचं स्वतः सांगतात.

थोडी आकडेमोड

समजा पहिल्या कृतीसारखी गाडी आहे आणि आर्म ६० सेंमीचा आहे. वर्तुळाचा परीघ = २ × ३.१४ × ६० = ३७६.८ सेंमी. पूर्ण वर्तुळात ३६० अंश, म्हणून एका अंशाला सुमारे १.०५ सेंमी. थोडक्यात, ६० सेंमीच्या आर्मला बॉडी १ सेंमी खाली आली की जवळपास १ अंश बदलतो. गाडी ३ सेंमी खाली घेतली तर जवळपास ३ अंश.

टायर १८ सेंमी रुंद असेल तर ३ अंशांना आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या उंचीत सुमारे ९ मिमीचा फरक पडतो. रबर दबतं म्हणून बाहेरची कड पूर्ण उचलली जात नाही, पण भार आतल्या कडेवर सरकतो.

आर्म लांब असेल तर हाच बदल कमी होतो. डबल विशबोन पद्धतीत वरखाली दोन आर्म असतात. ते रेषेत वाढवले की जिथे मिळतात, तो बिंदू काल्पनिक केंद्र मानायचा. हे केंद्र २ मीटर लांब असेल तर ३ सेंमीला १ अंशापेक्षाही कमी बदल होतो. त्रिज्या वाढली की तेवढ्याच कंसाचा कोन लहान होतो, हे मुलांना इथे छान पटतं.

आपल्या रस्त्यावरच्या गाड्या

स्टँडर्ड हेराल्ड : ही गाडी १९६१ पासून मद्रासला बनू लागली. हिच्या मागे स्विंग ॲक्सल होता, म्हणजे आपली कृती १. चाकांचा कोन भाराप्रमाणे भरपूर बदलायचा. जोरात वळताना तर उलटंच व्हायचं. मागची बॉडी वर उचलली गेली की चाक खाली दुमडल्यासारखं होऊन पकड सुटायची. म्हणून परदेशात स्विंग ॲक्सलच्या बीटलसारख्या गाड्या शर्यतीसाठी मुद्दाम मागून खाली घेत. पुढे १९७२ मध्ये स्टँडर्डने गॅझेल काढली, तेव्हा मागे सलग ॲक्सल दिला.

ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी : मागे सलग ॲक्सल आणि पाटे. दोन्ही चाकं एकाच लोखंडी ॲक्सलला, त्यामुळे बॉडी कितीही खाली आली तरी दोन्ही चाकं ताठच. शाळेच्या व्हॅन म्हणून दिसणाऱ्या ओम्नी आणि ईकोलाही मागे सलग ॲक्सलच आहे.

स्विफ्ट : मागे टॉर्शन बीम. दोन मागे जाणारे आर्म एका आडव्या पट्टीने जोडलेले, आपल्या कृती २ च्या जवळचं. खाली घेतल्यावर मागचा कॅम्बर फारसा बदलत नाही.

इंडिका : डिसेंबर १९९८ मध्ये आलेली, पुण्यात बनलेली आपली ओळखीची गाडी. हिला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म, म्हणजे कृती ३, तिरकी बिजागरी. चार प्रवासी आणि डिकीत सामान भरलेली टॅक्सी इंडिका पाठीमागून आठवा. चाकं खालून फाकलेली दिसायची. बऱ्याच जणांना वाटायचं की गाडीचा ॲक्सल वाकलाय. वाकलेलं काहीच नसायचं, ती फक्त भूमिती होती. सामान उतरवलं की चाकं परत जागेवर.

म्हणून "गाडी लो केली की मागची चाकं फाकतात" हे वाक्य अर्धवट आहे. आधी विचारायचं, मागची बिजागरी कशी आहे?

टायर नेमका कशाने झिजतो?

गॅरेजवर बहुतेक सगळा दोष कॅम्बरला देतात. कॅम्बरमुळे आतली कड लवकर झिजते हे खरंच, पण ते सावकाश होतं. टायर भराभर खाणारा दुसरा कोन आहे, टो. चप्पल घालून चालताना पावलं आत किंवा बाहेर वळलेली असतात ना, तसं वरून पाहिलं तर चाक सरळ पुढे न पाहता थोडं आत किंवा बाहेर पाहतं. तिसऱ्या कृतीत चकती "वळली" ती हीच. टो अर्धा अंश चुकला तर गाडी १ किलोमीटर जाईपर्यंत ते चाक जवळपास पावणेनऊ मीटर बाजूला घासत जातं. नवीन टायरचंही असं फार दिवस चालत नाही.

कॅम्बर आणि टो दोन्ही बिघडले तर आतली कड गुळगुळीत होते आणि बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. पावसाळ्यात पाणी बाहेर टाकायचं काम टायरच्या खाचा करतात. आतल्या खाचाच गेल्या तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना पकड कमी मिळते. खाचांच्या तळाशी १.६ मिमी उंचीचे छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला समजायचं. हे उंचवटे आतल्या बाजूलाही पाहायचे.

ओळंब्याने कोन मोजा

पाचवी-सहावीच्या मुलांसोबत घरी करता येईल असा उपक्रम. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून उभी करा. मडगार्डच्या कडेवरून चाकासमोर ओळंबा सोडा. दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं अंतर पट्टीने मोजा. या दोन कडांमध्ये ३६ सेंमी उंची असेल तर प्रत्येक ६ मिमी फरकाला साधारण १ अंश धरा. वरचं अंतर जास्त असेल तर कॅम्बर निगेटिव्ह.

आधी रिकामी गाडी मोजा, मग मागे तीन मोठी माणसं बसवून परत मोजा. फरक आला का? नाही आला तर तुमच्या गाडीची बिजागरी कोणती असेल? मुलांना अंदाज बांधू द्या.

पालकांसाठी

मुलगा गाडी लो करायची म्हणाला की नुसतं "नको" म्हटल्याने तो थांबत नाही. त्याला या तीन कृती करून दाखवा आणि विचारा, तुझ्या गाडीत मागचा कॅम्बर आणि टो परत जुळवायची सोय आहे का? अनेक छोट्या गाड्यांत मागे अशी सोयच नसते, मग चाक कललं की कललेलंच राहतं. स्प्रिंग कापून गाडी बसवणं तर मुळीच नको. स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वर जायला जागा कमी उरते आणि मोठ्या खड्ड्यात ती जागेवरून निसटू शकते. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने बंधन घातलं आहे. उंची कोणत्याही कारणाने बदलली असेल, तर चारही चाकांचं अलाइनमेंट तपासून घ्या, फक्त पुढच्या दोन चाकांचं नाही.

आणि जास्त माणसं भरणं हीसुद्धा गाडी खाली घेण्याचीच पद्धत आहे. सलग ॲक्सलच्या व्हॅनमध्ये चाक कललं नाही, म्हणजे जास्त मुलं कोंबायला परवानगी मिळाली असं नाही. तिथे कोन बदलत नाही, पण टायर आणि ब्रेकवरचा भार वाढतोच.

स्वाध्याय

१) ४० सेंमी आर्मच्या स्विंग ॲक्सल गाडीची बॉडी २ सेंमी खाली आली. कॅम्बर साधारण किती अंशांनी बदलेल? (उत्तर : सुमारे ३ अंश)
२) सलग ॲक्सलच्या गाडीचं फक्त एकच मागचं चाक दगडावर चढलं तर दुसरं चाक कलेल का? चित्र काढून सांगा. (उत्तर : हो, दोन्ही चाकं एकाच ॲक्सलला असल्याने सारख्याच अंशांनी कलतील.)
३) घरातल्या किंवा शेजारच्या एका गाडीच्या मागच्या टायरची आतली, मधली आणि बाहेरची खाच पट्टीने मोजून तक्ता तयार करा.

तिसरा प्रश्न मुलांना मोठ्यांसोबतच करायला सांगा. आतली खाच मोजायला वाकावं लागतं, टॉर्च लागतो. तेवढं वाकून पाहिलं तरी या पाठाचं काम झालं.