पेट्रोल की डिझेल? शेतीसाठी छोटे इंजिन निवडताना



मजुरांची टंचाई व वाढती मजुरी यांमुळे कोळपणी, आंतरमशागत, फवारणी आणि पाणी उपसा या कामांसाठी छोट्या इंजिनावरील यंत्रांचा वापर वाढला आहे. पॉवर वीडर किंवा इंजिन पंप घेण्यासाठी दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो पेट्रोल की डिझेल याचा. बरेच शेतकरी शेजाऱ्याकडे जे आहे तेच घेतात, तर काही जण किंमत कमी म्हणून पेट्रोल किंवा इंधन स्वस्त म्हणून डिझेल निवडतात. या दोन्ही पद्धतींत नुकसान होण्याचा संभव असतो. इंजिनाची निवड मुख्यतः दोन गोष्टींवर करावी. पहिली, यंत्र वर्षाला किती तास चालणार आहे आणि दुसरी, ते किती वेळा व कोणत्या वाटेने उचलून न्यावे लागणार आहे.

दोन्ही इंजिनांतील मूळ फरक

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेट घेते. डिझेल इंजिनात प्रथम फक्त हवा घेतली जाते. ती इतकी दाबली जाते की अतिशय तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारणपणे ८ ते १० पट दाबले जाते, तर डिझेल इंजिनात हवा १६ ते २२ पट दाबली जाते.

जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी केले व रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये सिद्ध झाले. आपल्याकडे पाण्याच्या डिझेल इंजिनाला अजूनही ‘ऑइल इंजिन’च म्हणतात.

दाब जास्त असल्याने डिझेल इंजिनाचे भाग जाड व भक्कम करावे लागतात. म्हणून ते जड व महाग असते. मात्र त्याच दाबामुळे इंधनातील उष्णतेचे कामात रूपांतर अधिक होते. छोटे पेट्रोल इंजिन इंधनातील उष्णतेपैकी साधारण पाव भागाचा उपयोग करते, तर डिझेल इंजिन सुमारे ३० टक्के उपयोगात आणते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक उष्णता असते. या दोन्ही कारणांमुळे डिझेल इंजिनाचा खप कमी येतो.

वजन आणि जमीन

५ ते ६ अश्वशक्तीचे हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन साधारणपणे १५ ते २० किलोचे असते. तेवढ्याच शक्तीचे हवेने थंड होणारे डिझेल इंजिन ३० ते ४० किलोपर्यंत भरते. वीडरचा सांगाडा, गिअर पेटी व फण धरल्यास हा फरक आणखी वाढतो.

कोकणातील भाताच्या खाचरांत यंत्र एका खाचरातून दुसऱ्या खाचरात बांधावरून उचलून न्यावे लागते. अशा ठिकाणी दोन माणसांना सहज उचलता येईल असे हलके पेट्रोल यंत्र सोयीचे पडते. भाजीपाल्याचे छोटे वाफे, पॉलिहाऊस व वळायला जागा कमी असलेली शेते येथेही हलके यंत्रच उपयोगी पडते. महिला किंवा वयस्कर माणसे यंत्र चालवणार असतील तर वजनाचा विचार अवश्य करावा.

याउलट भारी काळ्या जमिनीत खोल आंतरमशागत, उसाची बाळबांधणी, डाळिंब किंवा द्राक्ष बागेतील ओळींमधील मशागत या कामांना ओढ जास्त लागते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही चांगली ओढ देते आणि जड असल्याने यंत्र जमिनीवरून उसळत नाही. पॉवर टिलरसारखी १२ ते १५ अश्वशक्तीची यंत्रे बहुतेक डिझेलवरच असतात ती याच कारणाने.

अश्वशक्तीचा आकडा नीट वाचावा

पेट्रोल इंजिनावर लिहिलेली अश्वशक्ती अनेकदा कमाल असते. ती मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास व थोड्या वेळेपुरती मिळते. सतत काम करताना त्याहून कमी शक्ती धरावी लागते. शेतीपंपाच्या डिझेल इंजिनावर मात्र बहुधा सतत देता येणारी शक्ती लिहिलेली असते. त्यामुळे ६.५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन ५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनापेक्षा जोरदार असेलच असे नाही. विक्रेत्याकडून ‘सतत मिळणारी शक्ती किती व किती फेऱ्यांवर’ ही माहिती लेखी घ्यावी. कोणतेही इंजिन त्याच्या सतत शक्तीच्या सुमारे ८० टक्के भारावर चालवल्यास ते जास्त टिकते.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा

सरकारने पेट्रोलचे दर २०१० मध्ये व डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त केले. त्यापूर्वी डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त असे आणि ‘डिझेल म्हणजे बचत’ हा समज त्या काळात पक्का झाला. आता दरांतील अंतर तेवढे राहिलेले नाही. म्हणून जुन्या समजावर न जाता प्रत्येकाने आपला हिशेब स्वतः करावा.

ढोबळमानाने एका अश्वशक्तीने एक तास काम करण्यास छोट्या पेट्रोल इंजिनाला ०.३५ लिटर, तर डिझेल इंजिनाला ०.२५ लिटर इंधन लागते. वीडरवर सरासरी ३ अश्वशक्तीचा भार पडतो असे समजू. हिशेबासाठी पेट्रोल रु. १०४ व डिझेल रु. ९१ प्रति लिटर धरले आहे. आपण आपल्या पंपावरील दर धरावेत.

१) पेट्रोल वीडर : तासाला १.०५ लिटर, इंधन खर्च सुमारे रु. १०९
२) डिझेल वीडर : तासाला ०.७५ लिटर, इंधन खर्च सुमारे रु. ६८
३) तासाला बचत : रु. ४१

आता दुसरी बाजू पाहू. डिझेल यंत्र रु. २०,००० ने महाग आहे असे समजा. यंत्राचे आयुष्य ८ वर्षे धरल्यास या जादा रकमेची वार्षिक घट रु. २,५०० येते. सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के दराने व्याज रु. १,००० होते. फिल्टर, नोझल व तेल यांसाठी जादा देखभाल खर्च रु. १,००० धरू. म्हणजे डिझेल यंत्राचा वर्षाचा जादा बोजा रु. ४,५०० झाला. तासाला रु. ४१ प्रमाणे हा बोजा भरून निघण्यास वर्षाला सुमारे ११० तास काम व्हावे लागते.

वीडरने एक एकर आंतरमशागतीस साधारणपणे ४ तास लागतात असे धरून तीन उदाहरणे पाहू.

अ) २ एकर कापूस, तीन पाळ्या : वर्षाला २४ तास. इंधनातील बचत रु. ९८४. डिझेल यंत्र घेतल्यास वर्षाला सुमारे रु. ३,५०० तोटा.

ब) ८ एकर, तीन पाळ्या : वर्षाला ९६ तास. बचत रु. ३,९३६. दोन्ही यंत्रे जवळजवळ सारखीच. येथे जमिनीचा प्रकार व वजन पाहून निर्णय घ्यावा.

क) स्वतःची शेती व भाड्याची कामे मिळून २५० तास : बचत रु. १०,२५०. डिझेल यंत्र घेतल्यास वर्षाला सुमारे रु. ५,७५० फायदा.

पहिल्या उदाहरणातील शेतकऱ्याने आणखी एक विचार करावा. वर्षाला २४ तासांच्या कामासाठी स्वतःचे यंत्र कर्ज काढून घेण्यापेक्षा अवजारे बँकेतून किंवा गावातील यंत्रधारकाकडून भाड्याने घेणे, अथवा तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक यंत्र घेणे अधिक परवडते.

पाण्याच्या पंपाचे गणित निराळे आहे. पंप तासन्तास एकाच भारावर चालतो. ४ अश्वशक्तीच्या भारावर वरील दराने तासाला सुमारे रु. ५५ चा फरक पडतो. एका रब्बी हंगामात ३०० तास उपसा झाल्यास ही रक्कम सुमारे १६ हजार रुपये होते. म्हणून नियमित सिंचनासाठी डिझेल पंपच घ्यावा. नाल्यातून किंवा शेततळ्यातून पाऊस ताणल्यावर एक-दोन संरक्षित पाणी देण्यापुरता, खांद्यावरून किंवा दुचाकीवरून नेण्याजोगा पंप हवा असेल तर पेट्रोल पंप योग्य ठरतो. पाठीवरच्या फवारणी यंत्राला मात्र हलके पेट्रोल इंजिनच लागते.

इंधन व निगा

पेट्रोल इंजिन : आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे इथेनॉल आपल्याच उसापासून व धान्यापासून तयार होते. त्यात उष्णता पेट्रोलपेक्षा कमी असल्याने खप थोडा वाढतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी शिरल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते व इंजिन सुरू होत नाही. जुन्या इंजिनांतील रबरी नळ्या व वायसरही लवकर खराब होऊ शकतात. हंगाम संपल्यावर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. पेट्रोल तसेच राहिल्यास जेटमध्ये चिकट थर बसतो. नवीन यंत्र घेताना ते ई-२० पेट्रोलसाठी योग्य आहे का, हे विचारावे. दोन फेऱ्यांच्या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.

डिझेल इंजिन : डिझेलमधील पाणी व कचरा हे फ्यूएल पंपाचे व नोझलचे मोठे शत्रू आहेत. डिझेल स्वच्छ डब्यात ठेवावे, एक दिवस स्थिर होऊ द्यावे व जाळीच्या गाळणीतून टाकीत भरावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, कारण नळीत हवा शिरल्यास ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. हवा काढण्याची पद्धत खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडून शिकून घ्यावी. धुराचा रंग पाहत राहावे. काळा धूर म्हणजे जादा भार, हवेचा तुंबलेला फिल्टर किंवा खराब नोझल, तर सतत निळा धूर म्हणजे वंगण तेल जळत असल्याचे लक्षण होय.

दोन्ही इंजिनांत तेलाची पातळी रोज तपासावी. (दोन फेऱ्यांच्या इंजिनास वेगळे तेल नसते.) नवीन इंजिनाचे पहिले तेल सुमारे २० तासांनी व त्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बदलावे. कोळपणीत धूळ फार उडते, म्हणून हवेचा फिल्टर रोज साफ करावा. धुळीने इंजिन जितके झिजते तितके कामाने झिजत नाही.

विहिरीत इंजिन चालवू नये

पंप पाणी साधारणपणे ६ ते ७ मीटरपर्यंतच ओढू शकतो. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की काही जण इंजिन विहिरीतील टप्प्यावर किंवा कपारीत उतरवून चालू करतात. ही गोष्ट जिवावर बेतते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात तो विशेष जास्त असतो, परंतु डिझेलचा धूरही बंद जागेत घातकच. विहिरीत हा वायू साठतो, माणसाला चक्कर येते आणि वर चढण्याचे बळ राहत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही तेथेच पडतो. म्हणून विहीर, खोल खड्डा, बंद गोठा किंवा बंद पॉलिहाऊस येथे कोणतेही इंजिन चालवू नये. पाणी खोल असल्यास पाणबुडी पंपाचा विचार करावा. कोणी विहिरीत बेशुद्ध पडल्यास घाईने खाली उतरू नये. वरून दोर टाकावा, लोकांना हाका माराव्यात व अग्निशमन दलास कळवावे.

गरम इंजिनात पेट्रोल भरू नये. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, मगच टाकी भरावी. सायलेन्सरवर पडलेले पेट्रोल क्षणात पेट घेते. पेट्रोलचा डबा घरात, चुलीजवळ किंवा कडब्याच्या गंजीजवळ ठेवू नये.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

१) मागील वर्षी या कामाचे किती तास झाले असते ते वहीत मांडावे.
२) आपल्या पिकाच्या दोन ओळींतील अंतर मोजून यंत्राची रुंदी त्यात बसते का, ते पाहावे.
३) यंत्र आपल्या स्वतःच्या शेतात, वाफसा असताना किमान अर्धा तास चालवून पाहावे.
४) डिझेल इंजिन थंड असताना घरातील चालवणाऱ्या माणसाला सुरू करता येते का, याची खात्री करावी.
५) सुटे भाग व मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतात का, याची चौकशी करावी. हंगामात आठ दिवस बंद पडलेले यंत्र स्वस्त असूनही महागच पडते.
६) मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल मागावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत अशा चाचण्या होतात.
७) अनुदान हवे असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच यंत्र खरेदी करावे.

थोडक्यात, काम थोडे, शेत तुकड्यांचे व यंत्र वारंवार उचलावे लागणार असेल तर पेट्रोल; काम रोजचे, जमीन भारी किंवा भाड्याने कामे करावयाची असतील तर डिझेल. दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तासांचा हिशेब मांडल्यास कर्जाचा हप्ता व इंधनाचा खर्च या दोहोंचा ताण कमी होईल आणि घेतलेले यंत्र खऱ्या अर्थाने आपल्या उपयोगी पडेल.