जुना व्हिडिओ रेकॉर्डर आणि केबलची नवी पेटी : बेगम बाजारातील एक धडा

हैदराबाद शहरात अफझलगंजच्या बाजूने बेगम बाजारात प्रवेश करताच पितळी व तांब्याच्या भांड्यांची, सुक्या मेव्याची आणि मसाल्याच्या जिनसांची घाऊक दुकाने दुतर्फा दिसू लागतात. या जुन्या पेठेत व तिच्या आसपासच्या मोहल्ल्यांत काही मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद ही आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. राज्यांच्या सीमा अशा बदलत गेल्या तरी या कुटुंबांनी घरात मराठी भाषा राखली. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका घरात घडलेल्या लहानशा घटनेच्या आधारे जुना व्हिडिओ रेकॉर्डर केबलच्या नव्या पेटीस कसा जोडावा आणि मुख्य म्हणजे तो जोडताना कशास जपावे, याचा विचार करावयाचा आहे.

एका घराची हानी

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. हैदराबादचे केंद्र १९७७ साली. मुंबईचे मराठी कार्यक्रम त्या काळी हैदराबादेत दिसत नसत. पुणे, सोलापूर वा नांदेडहून येणारे पाहुणे मराठी नाटक-चित्रपटांच्या कॅसेटी घेऊन येत आणि घरोघरी त्या मोठ्या आवडीने पाहिल्या जात. पुढे उपग्रहाद्वारे मराठी वाहिन्या येऊ लागल्या. २००० साली तर खुद्द हैदराबादच्या रामोजी समूहानेच 'ई टीव्ही मराठी' ही वाहिनी सुरू केली. २०१५ साली तिचे नाव 'कलर्स मराठी' असे झाले. आवडीचा कार्यक्रम घरच्या रेकॉर्डरवर उतरवून घ्यावा व सवडीने पाहावा, हा अनेक घरांचा परिपाठ होता.

आमच्या परिचयाच्या त्या घरातही असेच चाले. केबलची नवी पेटी आली त्या दिवसांत आजींना सायंकाळी सात वाजताचा एक मराठी कार्यक्रम पाहावयाचा होता. पण त्याच वेळी कीर्तनास जावयाचे होते. नातवाने कपाटातून चिठ्ठी निघालेली एक कॅसेट काढली, ती कोरी असावी असे समजून रेकॉर्डरमध्ये घातली आणि जुन्या सवयीप्रमाणे वेळ लावून ठेवली. रात्री कॅसेट लावून पाहतात तो अर्धा तास नुसता निळा पडदा!

"टेप तर फिरत होती, मग चित्र कुठं गेलं?" आजींनी विचारले.

अर्ध्या तासानंतर पडद्यावर जे दिसले त्याने सर्वच स्तब्ध झाले. ती कॅसेट कोरी नव्हती. १९८८ साली झालेल्या मुंजीची ती एकुलती एक चित्रफीत होती. दिवंगत आजोबांनी स्वतः म्हटलेल्या मंगलाष्टकांचा भाग प्रारंभीच्या त्या अर्ध्या तासात होता. तो कायमचा पुसला गेला. मागे उरली ती भोजनाची पंगत. "आवाज गेला, पण वाढताना दिसतात तरी," एवढेच आजी म्हणाल्या.

येथे दोन चुका एकत्र आल्या. एक जोडणीची व दुसरी कॅसेटीची. दोन्ही टाळणे अगदी सोपे आहे. मात्र त्यांचे कारण समजले पाहिजे.

पेटी आल्याने काय बदलले?

पूर्वीच्या केबलच्या तारेतून सर्व वाहिन्या उघड्या स्वरूपात घरात येत. ती तार रेकॉर्डरला जोडली की रेकॉर्डर आपल्या अंगच्या यंत्रणेने हवी ती वाहिनी निवडून घेई. केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, १९९५ यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि संकेतबद्ध अंकीय प्रसारण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई यांचा पहिला टप्पा २०१२ सालचा. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत हैदराबाद तसेच पुणे, नागपूर व नाशिक यांचा समावेश होता व त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरविण्यात आली होती. ग्रामीण भागासाठी वाढविलेली अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती.

बेगम बाजाराच्याच भाषेत सांगावयाचे तर पूर्वी माल उघड्या टोपल्यांत येत असे. आता तो कुलूपबंद गोण्यांत येतो. कुलपाची किल्ली केवळ पेटीजवळ असते आणि एक पेटी एका वेळी एकच गोणी उघडते. जुन्या रेकॉर्डरजवळ ही किल्ली नाही. त्यामुळे त्याच्या अंगच्या यंत्रणेवर आता कोणताही क्रमांक लावला तरी चित्र मिळत नाही. त्या सायंकाळी नेमके हेच झाले. रेकॉर्डर आपल्या जुन्या क्रमांकावर चित्राची वाट पाहत राहिला. चित्र आले नाही. पण फीत मात्र फिरत राहिली. मुद्रण चालू होताच रेकॉर्डर फितीवरील आधीचे सर्व पुसत जातो, मग नवे चित्र येवो अथवा न येवो.

जोडणीची रीत

प्रथम आपले यंत्र कोणते आहे ते पाहावे. १९८० नंतरच्या दशकात अनेक घरांत घेतलेली यंत्रे व्हीसीपी, म्हणजे केवळ कॅसेट दाखविणारी होती. त्यांवर मुद्रण होत नाही. यंत्रावर मुद्रणाची, बहुधा लाल खुणेची, कळ असेल तरच ते व्हीसीआर होय. यानंतर पुढील क्रमाने जावे :

१. पेटी, रेकॉर्डर व दूरचित्रवाणी संच या तिन्हींचा वीजपुरवठा बंद करावा.

२. केबलवाल्याची तार थेट पेटीस लावावी. ती रेकॉर्डरकडे नेऊ नये.

३. पेटीच्या मागील 'ए व्ही आउट' या छिद्रांपासून रेकॉर्डरच्या 'ए व्ही इन' वा 'लाइन इन' या छिद्रांपर्यंत तीन रंगांची वायर लावावी. पिवळी पिन चित्राची, पांढरी व तांबडी ध्वनीची. रेकॉर्डरला ध्वनीचे एकच छिद्र असेल तर दोन ध्वनी एकत्र करणारी पिन वापरावी, अन्यथा ध्वनीचा एक भाग गळण्याचा संभव असतो.

४. रेकॉर्डरच्या 'ए व्ही आउट'पासून संचाच्या 'ए व्ही इन'पर्यंत तशीच दुसरी वायर लावावी. सारांश, चित्राचा मार्ग पेटी, मग रेकॉर्डर, मग संच असा असावा.

५. वीजपुरवठा सुरू करावा. संच 'ए व्ही' वर ठेवावा. रेकॉर्डरही 'ए व्ही' अथवा 'लाइन' वर ठेवावा. काही यंत्रांत क्रमांक एकच्या मागे गेल्यावर ही खूण दिसते. वाहिनी मात्र पेटीच्या रिमोटनेच निवडावी.

६. पेटीच्या मांडणीत पाल पद्धती व ४:३ हा चित्राचा आकार निवडावा. त्यामुळे जुन्या संचावर माणसे लांबट वा चपटी दिसणार नाहीत.

७. खरोखर कोरी असलेली कॅसेट घालून दोन मिनिटे मुद्रण करावे, फीत मागे नेऊन पाहावी. चित्र व ध्वनी दोन्ही ठीक आढळले तरच जोडणी पूर्ण झाली असे समजावे.

नव्या सपाट संचांसाठी पेटीतून एचडीएमआय ही एकच जाड वायर येते. तिचा जुन्या रेकॉर्डरला काही उपयोग नाही. अशा घरी रोजच्या पाहण्यासाठी ती वायर थेट संचास लावावी व तीन रंगांची वायर रेकॉर्डरकडे न्यावी. पुष्कळ पेट्यांतून दोन्ही मार्गांनी चित्र एकाच वेळी निघते. आपल्या पेटीत तसे होते की नाही हे तपासून घ्यावे. संचाला तीन रंगांची छिद्रेच नसतील तर मध्ये बसविण्याची परिवर्तक डबी मिळते. हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीतील इलेक्ट्रॉनिक मालाच्या दुकानांत अशा वस्तूंची चौकशी करता येईल.

वेळ लावून मुद्रण करताना

रेकॉर्डरचे घड्याळ पेटीस आज्ञा देऊ शकत नाही, हे पक्के ध्यानात असावे. म्हणून बाहेर जाताना तीन गोष्टी पाहाव्यात : पेटी चालू आहे, ती हव्या त्याच वाहिनीवर आहे, आणि रेकॉर्डर 'ए व्ही' वर आहे. मागे घरातील कोणी पेटीची वाहिनी बदलली तर मुद्रणही बदलेल. एक वाहिनी पाहत असताना दुसरी उतरवून घेण्याची जुनी सोय एका पेटीवर उरलेली नाही. वीज जाऊन आली की अनेक रेकॉर्डरांचे घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकू लागते व लावलेली वेळ नाहीशी होते, हेही विसरू नये.

एखाद्या मुद्रणात चित्र आळीपाळीने अंधूक व उजळ होत असेल तर तो यंत्राचा दोष असेलच असे नाही. नक्कल रोखणाऱ्या संकेताचा तो परिणाम असू शकतो. घरी उतरविलेला कार्यक्रम घरापुरताच ठेवावा. त्याचे सार्वजनिक प्रदर्शन वा विक्री करणे कायद्यास धरून नाही.

लहानसा पत्रा, मोठे रक्षण

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. व्हीएचएस कॅसेटीच्या पाठीच्या कडेला, एका टोकाशी, प्लॅस्टिकचा एक चिमुकला पत्रा असतो. तो मोडून टाकला की रेकॉर्डर त्या कॅसेटीवर मुद्रण करण्याचे नाकारतो. पुढे मुद्रण करावेसे वाटलेच तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावता येते. मुंजीच्या कॅसेटीचा हा पत्रा वेळीच मोडला असता तर आजोबांचा आवाज आजही ऐकू आला असता. म्हणून वाचकांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की रेकॉर्डरची एकही वायर लावण्यापूर्वी घरातील सर्व कॅसेटी बाहेर काढाव्यात, लग्न-मुंजीच्या, सणासमारंभाच्या कॅसेटी वेगळ्या कराव्यात व त्यांचे पत्रे मोडावेत. मगच जोडणीस हात घालावा.

कॅसेट चालविण्यापूर्वी तिच्या खिडकीतून फितीकडे पाहावे. पांढुरकी बुरशी दिसली तर ती यंत्रात मुळीच घालू नये. बुरशी रेकॉर्डरच्या मुद्रण-शीर्षावर बसते व तेथून इतर कॅसेटींनाही लागते. अशी कॅसेट जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. कॅसेटी उभ्या ठेवाव्यात. ओलसर भिंत, ऊन व ध्वनिवर्धकाचे लोहचुंबक यांपासून दूर ठेवाव्यात. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून कापड घालावे. परंतु यंत्र चालू असताना ते काढावे, म्हणजे उष्णता कोंडणार नाही.

वेळ थोडा आहे

व्हीएचएस पद्धतीचा रेकॉर्डर जपानमधील जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणला. जपानच्याच फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये रेकॉर्डरचे उत्पादन थांबविले आणि नवीन यंत्रांचा मार्ग बंद झाला. तेव्हा घरातील चालू रेकॉर्डर ही आता कार्यक्रम उतरवून घेण्यापेक्षाही जुन्या फिती वाचण्यासाठी मोलाची वस्तू आहे. फीत शाबूत राहिली, पण ती वाचणारे यंत्रच उरले नाही, तर आतील चित्र असूनही नसल्यासारखेच होईल.

यासाठी संगणकाला लावावयाची एक छोटी डबी मिळते. रेकॉर्डरच्या 'ए व्ही आउट'मधील तीच तीन रंगांची वायर या डबीला लावावी व कॅसेट चालवावी. चित्र संगणकात साठत जाते. यास घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. तयार झालेल्या प्रतीच्या दोन नकला कराव्यात आणि त्या दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात.

हे काम चालू असताना घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे. पंगतीत कोण बसले आहे, वाढतो कोण, मागे दिसणारे घर कोणाचे, हे त्यांच्याकडून विचारून वहीत टिपून घ्यावे. चित्र यंत्राने वाचते. परंतु नावे माणसेच सांगू शकतात. शिक्षकांनी शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या, ग्रामपंचायतींनी गावच्या उत्सवांच्या व कार्यालयांनी आपापल्या समारंभांच्या कॅसेटींची याच प्रकारे यादी करावी. कपाटाच्या तळाशी पडलेली चिठ्ठी नसलेली कॅसेट कोरीच असेल, असे कोणी गृहीत धरू नये.

हैदराबादेतील मराठी पुस्तके जतन करण्यास तेथे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. घरातील माणसांचा आवाज जतन करणारे संग्रहालय मात्र प्रत्येकाचे घर हेच. बेगम बाजारातील त्या घरी उरलेली पंगत आता संगणकात उतरवून ठेवली आहे. आजींनी तीमधील माणसांची नावे एकेक करून सांगितली आणि नातवाने ती वहीत लिहून घेतली. त्या कॅसेटीचा पत्राही आता मोडलेला आहे.