जुन्या एसयूव्हीतील बिघाड : आधी तपास, मग खर्च

टाटा सुमो १९९४ साली, सफारी १९९८ साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली. पुणे व नाशिक येथील कारखान्यांत घडलेल्या अशा दणकट गाड्या नोकरीनिमित्त बंगळूरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडेही आढळतात. गावी जाताना सगळे घर सामावून घेणारी ही गाडी सहसा विकवत नाही. मात्र तिच्या वाढत्या दुरुस्तीखर्चाने महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. यातील बराचसा खर्च बिघाडापेक्षा चुकीच्या निदानामुळे होतो. खात्यात फरक आढळल्यास लेखापाल प्रथम बेरीज तपासतो, सारी वही नव्याने लिहीत नाही. वाहनाच्या बाबतीतही स्वस्त व सोप्या कारणापासून महागड्या कारणाकडे जाणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील जुन्या गाडीवर दोन प्रकारचा ताण पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून अनेकांची रोजची ये-जा मेट्रोने होऊ शकते आणि गाडी आठवडाभर तळघरात उभी राहते. बाहेर काढली, की तीच गाडी होसूर रस्त्यावर आणि सिल्क बोर्ड चौकात रखडत चालते. पहिल्या स्थितीत विजेचे दोष बळावतात, तर दुसऱ्या स्थितीत उष्णतेचे.

गाडी सुरू न होणे

किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज नीट ऐकावा. ‘टक-टक-टक’ असा सलग आवाज आल्यास बॅटरी अशक्त किंवा तिची टर्मिनल्स सैल अथवा गंजलेली असण्याचा संभव अधिक. दिवे प्रखर असताना एकच ‘टक्’ आवाज येत असेल, तर संशय स्टार्टरकडे वळतो.

साध्या मल्टीमीटरने बरेच प्रश्न सुटतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भारित बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दाब असावा. १२ व्होल्ट वा त्याहून कमी आढळल्यास ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन सुरू असताना हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल, तर दोष अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडणी यांत आहे. अशा वेळी नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते आणि तो पैसा वाया जातो.

इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी जुन्या गाडीत हमखास दुर्लक्षित राहते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व हँडब्रेक ओढून, बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा स्वच्छ धातू जम्पर केबलने जोडावा. त्यानंतर इंजिन जोमाने फिरले, तर पट्टी बदलणे पुरेसे ठरते. स्टार्टर उघडण्याचे कारण नाही.

उभ्या गाडीची बॅटरी उतरणे

गाडी बंद असतानाही थोडी वीज खर्च होतच असते. सर्व यंत्रणा शांत झाल्यावर हा प्रवाह साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्या काढण्याने प्रवाह घटतो, त्या मंडलात गळती आहे. बाहेरून बसवलेली संगीतयंत्रणा वा अलार्म हे नेहमीचे संशयित होत. वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तार कदापि बसवू नये. फ्यूज वाचला तरी तारा तापतात आणि गाडीस आग लागू शकते.

इंजिन तापणे

गाडी केव्हा तापते, यातच निदान दडलेले असते. कोंडीत उभी असताना तापून, वेग घेताच निवत असेल, तर पंखा किंवा त्याचा क्लच तपासावा. उड्डाणमार्गावर वेगात अथवा चढावर तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा कूलंटची कमतरता यांचा विचार करावा. काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने गंभीर भाजते.

धूर व आवाज

डिझेल गाडीतून काळा धूर येत असल्यास प्रथम एअर फिल्टर व टर्बोच्या नळ्या पाहाव्यात. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे. थंड सकाळी क्षणभर दिसणारा पांढरा धूर ग्लो प्लगकडे बोट दाखवतो. मात्र तो थांबत नसेल आणि कूलंटही घटत असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी अटळ आहे.

ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असल्यास चाकांचे संतुलन, केवळ ब्रेक दाबताना थरथरत असल्यास डिस्क तपासावी. ब्रेकचे पेडल खाली जाणे किंवा स्टिअरिंग सैल लागणे, ही लक्षणे दिसताच गाडी चालवणे थांबवावे. येथे काटकसरीला जागा नाही.

पाणी आणि विमा

सप्टेंबर २०२२ मध्ये बेलंदूर परिसरात पाणी साचून अनेक वाहने बुडाली होती. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जादा तरतूद लागते आणि वाहनाच्या वयानुसार ती नाकारलीही जाऊ शकते. विमापत्र नूतनीकरणापूर्वीच वाचावे.

दुरुस्ती की विक्री?

प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर, लक्षण, बदललेला भाग व रक्कम एका वहीत नोंदवावी. बदललेला जुना भाग गॅरेजमधून मागून घ्यावा. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर योग्यता तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. तो खर्चही हिशेबात धरावा. वर्षाअखेरीस वहीतील बेरीज गाडीच्या बाजारमूल्याशी ताडून पाहिल्यास निर्णय आकड्यांवर घेता येतो. विक्रीचे ठरल्यास जुन्या कर्जाचा बोजा नोंदणीपुस्तिकेतून उतरला आहे ना, हे आधी पाहावे. कर्ज फिटूनही ही नोंद कायम राहिल्यास व्यवहार ऐन वेळी अडतो.