महाडला न्यायचे की मुंबईला?

हिरकणीवाडीहून महाड सुमारे 25 किलोमीटर. मुंबई तिथून पुढे आणखी दीडशेवर. घरात कोणी आजारी पडले की यातला कुठला रस्ता धरायचा हे बहुतेक वेळा आजार ठरवत नाही, भीती ठरवते. "तिथं काही खरं नाही, इकडे घेऊन या," असे मुंबईचा चाकरमानी फोनवर सांगतो आणि गाडी ठरते. उलट अंगावर गाठ दिसून तीन महिने होतात, तरी "मुंबईत आपलं कोण?" म्हणून कोणी उठत नाही.

विंचवाचे उदाहरण घ्या. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर विषाचा भार हृदयावर आलेला असतो; पुढे फुप्फुसात पाणी भरते. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा असे रुग्ण, त्यातही लहान मुले, डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. गंभीर विषबाधेत शंभरातले 40 च्या आसपास दगावत, ते प्रमाण एकाच्या जवळ आले. पुढे महाडमध्येच 70 रुग्णांवर अभ्यास झाला. प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिलेले रुग्ण सरासरी 10 तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर जवळपास 18 तास लागले. हा अभ्यास 2011 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे विंचवाचा उपचार मुंबईने महाडकडून शिकायचा! तरीही पोराला आधी मांत्रिकाकडे आणि मग थेट मुंबईच्या गाडीत घालणारी घरे आहेत. (ही गोळी घरी देऊ नये. रक्तदाब एकदम उतरतो, रुग्णाला झोपवूनच ठेवावे लागते.)

सर्पदंश, छातीत कळ, तोंड वाकडे होणे, अडलेली बाळंतीण यांतही तास मोजायचे असतात. 108 ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार सुरू होऊ द्या. पुढे न्यायचे का ते तिथले डॉक्टर सांगतील.

आपल्या घरांत या भीतीला आणखी एक पदर आहे. तिथे आपल्याशी नीट बोलतील का, हात लावून तपासतील का? चवदार तळ्याच्या गावात ही शंका कुठून येते हे कोणी सांगायला नको. पण तिच्यापायी गावातल्या बिनपदवीच्या सुईवाल्याकडे जाणे हा त्याहून मोठा धोका. सोबत वस्तीतला बोलका माणूस न्या, केसपेपर मागून घ्या, अपमान झाला तर लेखी तक्रार द्या.

गाठ, न भरणारी तोंडातली जखम, अंगावरून अवेळी रक्त जाणे, इथे मात्र लांबचा रस्ता धरायला कचरू नये. परळचे टाटा रुग्णालय कर्करोगासाठीच आहे, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या रुग्णांची व नातेवाइकांची राहण्याची सोय होते. मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, गुडघा यांच्या शस्त्रक्रियेला सहसा घाई नसते. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला वेळ मिळतो. खर्चाच्या भीतीने थांबला असाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचा उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो ते 155388 वर आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी असू द्या.